स्टोव्हाख्यान

ज्याने आयुष्यात कधी स्टोव्ह पेटवला नाही, त्याला अर्थशास्त्र कळले असे मी मानत नाही. बी.कॉम.च्या वर्गात भांडवल, गुंतवणूक आणि परतावा ह्या तीन गोष्टी समजावून द्यायला आमच्या प्राध्यापकांनी दोन टर्म घेतल्या. स्टोव्ह त्या पाच मिनिटांत समजावून देत असे. आधी काकडा पेटवून स्पिरिट खर्ची घाला, मग दंड भरून येईपर्यंत हवा भरा, आणि परतावा म्हणून निळी ज्योत मिळेल की तोंडावर काजळी, हे निपलाच्या मर्जीवर सोडून द्या. शेअर बाजारातही असेच होते म्हणतात. फक्त तिथे पिन मारायची सोय नसते.

आपल्या इतिहासकारांनी तलवारींवर लिहिले, तोफांवर लिहिले, एकेका किल्ल्याच्या एकेका बुरुजावर लिहिले. पण ज्याच्या डोक्यावर उकळलेला चहा पिऊन ते लिहायला बसले, त्या स्टोव्हवर चार ओळी खरडाव्यात असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही. तेव्हा ते काम बँकेतल्या एका कारकुनाकडे आले. हा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील. पण "साहेब, मुलीची स्कॉलरशिप अजून का नाही आली?" आणि "साहेब, आधारवर माझं नाव असं कसं छापलंय?" ह्या प्रश्नांची उत्तरे देण्याचा अधिकार तरी मला कोणी दिला आहे? खिडकीपाशी जो बसलेला असेल त्याने सांगायचे, असा आपल्याकडे नियमच आहे.

तर सुरुवात तेलापासून. कॅनडातल्या अब्राहम गेस्नर नावाच्या डॉक्टराने खनिजापासून दिव्याचे तेल काढले आणि १८५४ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. मेण ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्या तेलाला 'केरोसीन' असे नाव ठेवले. पुढे १८५९ साली पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकने जमिनीला भोक पाडून तेल वर काढले आणि हा माल स्वस्त झाला. आपल्याकडे तो आला तेव्हा मराठी माणसाने ग्रीक नाव बाजूला ठेवले, 'रॉक ऑइल'चे रॉकेल केले, आणि एवढ्याने समाधान होईना म्हणून 'गॅसलाइट'चे घासलेट केले. एका पदार्थाला दोन नावे, दोन्ही इंग्रजांकडून घेतलेली आणि दोन्ही इंग्रजांनाच कळणार नाहीत अशी! स्वदेशी स्वदेशी म्हणतात ती ह्याहून वेगळी काय असते?

ह्या इतिहासातले खरे महत्त्वाचे साल म्हणजे १८९२. त्या वर्षी मार्कस सॅम्युएल नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याची 'म्युरेक्स' नावाची तेलवाहू बोट रशियाचे रॉकेल पोटात भरून सुवेझ कालव्यातून पूर्वेकडे निघाली. त्याआधी तेल डब्यांत आणि डबे लाकडी खोक्यांत असा प्रवास होई. म्युरेक्सने मोकळे तेल आणले आणि खर्च वाचवला. पण पूर्वेकडचे गिऱ्हाईक मोठे हुशार! त्याला तेल हवे होते तसाच डबाही हवा होता. आता हे गिऱ्हाईक मी काउंटरवर रोज पाहतो. त्याला कर्ज दिले तरी कॅलेंडर लागतेच. शेवटी सॅम्युएलला पूर्वेत डबे बनवायची सोय करावी लागली. त्याने ते लाल रंगाचे केले, कारण समोरच्या अमेरिकन कंपनीचे डबे निळे होते. रॉकेलच्या डब्याचे पुढे महाराष्ट्रात काय काय झाले ते सांगायला नको. त्यात तुळस लावली, तांदूळ भरले, न्हाणीत पाणी साठवले, आणि तो फाटल्यावर कापून पावसाळ्यात खिडकीला झाप म्हणून ठोकला. कोणत्याही राजवंशाची सत्ता एवढी टिकली नसेल.

आणि त्याच १८९२ साली, तिकडे स्वीडनमध्ये स्टॉकहोमला, फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या एका कारखान्यातल्या कारागिराने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला. त्याचे नाव प्रायमस. त्या काळी रंग जाळायला आणि डाग द्यायला ब्लो-लॅम्प वापरीत. त्याची ज्योत आडवी, समोर धावणारी. लिंडक्विस्टने ती वर तोंड करून उभी केली आणि तिच्यावर पातेले ठेवले. जगातले बरेच मोठे शोध असेच असतात. वस्तू तीच, फक्त ती जरा वेगळ्या बाजूने धरायची.

आत काय चालते ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली पितळेची टाकी, तिच्यात रॉकेल, पण काठोकाठ नाही. हवेला जागा लागते. बाजूला पंप. पंप हवेला दाबतो, हवा तेलाला दाबते, तेल मधल्या नळीतून मुकाट्याने वर चढते. वर बर्नर स्पिरिटने आधीच तापवलेला असतो, त्यात तेलाची वाफ होते, आणि ती वाफ सुईच्या अग्राएवढ्या भोकातून, म्हणजे निपलातून, जोरात बाहेर पडते. ती हवेत मिसळून जळते म्हणून ज्योत निळी आणि पातेल्याचे बूड स्वच्छ. शिवाय तीच ज्योत बर्नरला तापता ठेवते, त्यामुळे मागून येणाऱ्या तेलाची वाफ आपोआप होत राहते. वातीच्या स्टोव्हला हे जमत नाही. तात्पर्य, वरपासून खालपर्यंत प्रत्येकजण पुढच्याला दाबत असतो आणि सगळे काम शेवटी एका बारीक भोकातून बाहेर पडते. आमची बँक ह्याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच, की आमच्याकडे ज्योत निळी होत नाही.

ह्या यंत्राने पुढे मोठे नाव काढले. नान्सेन १८९५ साली उत्तर ध्रुवाच्या दिशेने बर्फावरून निघाला तेव्हा प्रायमस बरोबर होता. १४ डिसेंबर १९११ रोजी अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला, त्याच्याही सामानात प्रायमस. २९ मे १९५३ ची पहाट तर विसरण्यासारखीच नाही. एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर हिलरीचे बूट रात्रभर तंबूत बाहेर राहून दगडासारखे गोठले होते. त्याने ते प्रायमसवर धरून मऊ केले आणि मग तो आणि तेनसिंग वर चढले. जगातल्या सर्वात उंच शिखरावर माणसाचे पाऊल पडले त्याच्या आधी ते पाऊल स्टोव्हवर शेकून निघाले होते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात घालायला हवी. निदान मुले ती विसरणार नाहीत.

पण माझे प्रामाणिक मत विचाराल तर अमुंडसेनचे काय एवढे? ध्रुवावर त्याला कोणी "सात पाचची लोकल चुकेल" म्हणून ओरडत नव्हते. आमच्या गिरगावच्या चाळीत दोन खोल्या, सहा माणसे आणि एक स्टोव्ह. पहाटे पाऊणे सहाला मजल्यावरच्या बावीस बिऱ्हाडांतले बावीस स्टोव्ह पाठोपाठ भरभरायला लागत, आणि पोरांना गजराच्या घड्याळाची गरज उरत नसे. आजी सुरुवातीला स्टोव्हला सोवळ्यात घेत नव्हती म्हणे. देवाचा नैवेद्य शेगडीवर आणि माणसांचा स्वयंपाक स्टोव्हवर अशी फाळणी होती. पुढे कोळसा महागला, आणि देवानेही फार आढेवेढे न घेता स्टोव्हवरचा भात मान्य केला. धर्मशास्त्रातले बरेच निर्णय असे कोळशाच्या भावावर होतात.

स्टोव्ह वापरणे म्हणजे निम्मे दुरुस्त करणे. हल्ली वस्तू बिघडली की कंपनीचा माणूस येतो, तिच्याकडे दुरून पाहतो आणि "पूर्ण युनिट बदलावं लागेल" असे सांगून व्हिजिटिंग चार्ज घेतो. स्टोव्हला युनिट नावाची भानगडच नव्हती. प्रत्येक भाग सुटा होत असे आणि प्रत्येक भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असे. त्यातही पिनेचा मान वेगळा. पत्र्याची बोटभर पट्टी आणि तिच्या टोकाला केसाएवढी तार. ती निपलात घालून कचरा मोकळा करायचा. लोकलमध्ये पिना विकणारे येत, आणि चाकरमानी माणूस भाजीइतक्याच निष्ठेने त्या घरी नेई. एवढी नाजूक वस्तू आणि तिच्यावर अख्ख्या घराचे जेवण अडलेले!

आमच्याकडे स्टोव्हच्या दुरुस्तीची दोन खाती होती. एक बाबांचे. ते रविवारी उघडे. बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरीत, पाना आणि पकड मागवीत, स्टोव्हचा अवयव न् अवयव सुटा करीत, आम्हा पोरांना गोल बसवून व्याख्यान देत आणि पुन्हा सगळे जोडीत. जोडल्यावर एखादा स्क्रू उरे. तो ते "जादा दिलेला असतो" म्हणून डबीत टाकीत. त्या डबीतल्या स्क्रूंवर आणखी एक स्टोव्ह उभा राहिला असता.

दुसरे खाते आईचे. ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालू आणि त्याला व्याख्यान नाही. ती बाहेर गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली असे आणि आवाजावरून सांगे, "हवा उतरलीय रे, दोन पंप मार." ज्योत एका अंगाला तिरकी झाली की निपलात कचरा. ज्योत पिवळी होऊन नाचायला लागली की बर्नर पुरता तापला नव्हता. चावी सोडा, हवा जाऊ द्या, पुन्हा काकडा. पंप मारताना हाताला काहीच लागत नसेल तर आतला चामड्याचा वायसर वाळला. तो काढून गोडेतेलाचे बोट लावायचे आणि कडा हलक्या हाताने पसरायच्या. दांडा आपोआप वर यायला लागला तर बुडाचा व्हॉल्व्ह गेला. बर्नरच्या मुळाशी तेल दिसले तर शिशाचा वायसर बदलायचा. टाकीच्या सांध्याबद्दल शंका आली तर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडा दिसला की स्टोव्ह बाजूला, आणि डाग दिल्याशिवाय त्याला काडी लावायची नाही. आणि पेटत्या किंवा गरम टाकीत तेल ओतायचे नाही, पाहुणे दारात उभे असले तरी. ह्यातले एक अक्षर तिने कुठे वाचलेले नव्हते. ती सातवी शिकलेली. तिच्या आईने तिला दाखवले, तिने पुढे काकूला दाखवले.

चाळीत मात्र "तुमच्या ह्यांना स्टोव्हमधलं फार कळतं हो" अशी ख्याती बाबांची. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर काम आईच्या नावे आणि श्रेय बाबांच्या जमा. पुस्तके जुळत होती, त्यामुळे ऑडिट कोणी केले नाही.

कॉमर्सच्या माणसाला ह्या स्टोव्हबद्दल आणखी एक कौतुक आहे. घसारा नावाचा प्रकार आम्ही शिकलो, त्यात प्रत्येक वस्तूची किंमत दर वर्षी उतरते. आमचा पितळी स्टोव्ह आजोबांनी घेतलेला. तो तीस-पस्तीस वर्षे चालला, आणि शेवटी मोडीच्या माणसाने त्याला जो भाव सांगितला तो आजोबांच्या खरेदीच्या कितीतरी पट होता. ज्या मालमत्तेची मोड मूळ किमतीला खाली बघायला लावते, तिच्यापुढे घसाऱ्याचे कोष्टक काय करणार?

हे सगळे गमतीने सांगतोय खरा, पण ह्या इतिहासात एक पान असे आहे, की तिथे गंमत थांबते.

मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९८७-८८ चा सुमार. बाबा सकाळी पेपर मोठ्याने वाचीत. त्यात आतल्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी, दोन बोटांची एक बातमी वरचेवर असे: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. गाव बदले, वय बदले. वीस, बावीस, चोवीस. मजकूर तोच. एके दिवशी बाबांनी वाचले आणि पुढचे पान उलटले. आई पोळ्या लाटत होती. ती स्टोव्हकडे बघत म्हणाली, "दिवसातनं तीनदा पेटवते बाई. तिला कळत नाही?" शेजारच्या काकू मीठ मागायला आल्या होत्या. त्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आणि सासूचा नाही कधी भडका उडत. स्टोव्ह सुनांना बरा ओळखतो." मग दोघीही गप्प झाल्या. स्टोव्ह तेवढा भरभरत राहिला.

त्या दोघींचे म्हणणे मला तेव्हा कळले नाही. आता स्टोव्हची सगळी रचना डोळ्यांपुढे ठेवली की कळते. अपघात खरेही होत. हलक्या पत्र्याची टाकी, कच्चा डाग, रॉकेलात मिसळलेले पेट्रोल, नायलॉनची साडी आणि जमिनीवर मांडलेला स्टोव्ह, एवढे एकत्र आले की घात व्हायला वेळ लागत नाही, आणि त्यात किती जणी हकनाक गेल्या. पण बिघडलेला स्टोव्ह बहुधा आधी सांगतो. आवाज बदलतो, वास येतो, तेल पाझरते. आणि ते ओळखणारे घरात जे एक माणूस असे, तेच नेमके दर वेळी कसे फसत होते? अडाणी ठरवली गेली ती बाई, आणि आरोपी ठरला तो स्टोव्ह. त्याला उलटतपासणी नव्हती.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण सत्तरचे दशक संपता संपता दिल्लीत आणि मग इतर शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे सरकार हलले. १९८३ साली दंड संहितेत ४९८-अ हे छळाचे कलम आले आणि लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीने गेली तर चौकशी करणे भाग पडले. १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब आले. म्हणजे सात वर्षांच्या आतला भाजून झालेला मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ, एवढे सिद्ध झाले की उत्तर सासरच्यांनी द्यायचे. २०२४ पासून ही कलमे भारतीय न्याय संहितेत गेली आहेत. आणि १९९७ साली प्रेशरच्या स्टोव्हला आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. क्रम लक्षात घ्या. आधी माणसांची तपासणी, मग स्टोव्हची. उशिरा का होईना, क्रम बरोबर लागला. पण काकूंनी उंबऱ्यात उभे राहून जे एका वाक्यात सांगितले होते, ते कायद्याच्या पुस्तकात यायला इतक्या जणी जाव्या लागल्या, हे मात्र कुठल्याच खात्यात जमा होत नाही.

असो. स्टोव्हचे दिवस पुढे भरत आले. गॅस तसा जुनाच. पन्नाशीच्या दशकात बर्माशेलने मुंबईत सिलिंडर आणले होते आणि १९६५ साली इंडियन ऑइलने कोलकात्यात इंडेन सुरू केला. पण मध्यमवर्गाला गॅस मिळायचा तो नंबर लागल्यावर, आणि नंबर लागायला वर्षे जात. मुलगी सांगून आली की "त्यांच्याकडे गॅस आहे" हे सोन्याच्या बरोबरीने बोलले जाई. तोवर रेशनचे निळे रॉकेल, त्याची रांग, आणि रांगेत आपल्या जागी ठेवलेला कॅन. माणूस घरी जाऊन जेवून येई, कॅन उभा राही. माणसाच्या शब्दापेक्षा कॅनच्या शब्दाला किंमत होती. आमचा नंबर १९९१ साली लागला. आईने शेगडीची पूजा केली, हळदकुंकू वाहिले, आणि दुसऱ्याच दिवशी स्टोव्ह चिंच-राखेने लख्ख घासून फडताळात ठेवला. "सिलिंडर संपला तर?" ह्या एका प्रश्नावर तो आणखी दहा वर्षे घरात राहिला. २०१६ साली उज्ज्वला योजनेत खेड्यापाड्यांत सिलिंडर गेले, त्याच वर्षापासून सरकारने रेशनच्या रॉकेलचा भाव थोडा थोडा चढवत नेला, आणि २०२० पर्यंत त्यावरचे अनुदान संपले. घासलेट ह्या शब्दाचा अर्थ आता आमच्या शाखेतल्या नव्या मुलांना सांगावा लागतो. त्यांच्यापैकी एकाला तो गवताचा प्रकार वाटला.

हल्ली मोठ्या हॉटेलांतून जुन्या वस्तू सजावटीला ठेवायची फॅशन आहे. मध्यंतरी आईच्या पंचाहत्तरीला आम्ही तिला अशाच एका ठिकाणी घेऊन गेलो. दाराशी काचेच्या मेजावर एक पितळी प्रायमस, खाली दिव्याचा उजेड, शेजारी इंग्रजीत पाटी. माझी मुलगी त्याच्याबरोबर फोटो काढत होती. आईने चष्मा सारखा केला, पर्स माझ्या हातात दिली, वाकून चावी फिरवली, दोन पंप मारले, कान लावला आणि धावत आलेल्या मॅनेजरला म्हणाली, "वायसर गेलाय ह्याचा. आणि बर्नर दुसऱ्याच स्टोव्हचा आहे. पेटवू नका हं कोणी!"